चिमणीची झूल

"घोड्यांनी दगा दिला हो," अंजली म्हणाली. गुप्तहेर विजयश्रीच्या मदतनिसाने, नवनाथने, लगेच घोड्यांची नावं विचारली. संशयितांपासून सुरुवात करावी, हा त्याचा नियम.

अंजली चाकणच्या कापड कारखान्यात संशोधक. गजकर्णाची बुरशी मारणारं औषध तिने कापडात मुरवलं होतं. तळेगावच्या सुमनताईंच्या दोन्ही घोड्यांना गजकर्ण झालेलं. थोराड राजाला लाल काठाची औषधी झूल, लहानखुऱ्या चिमणीला निळ्या काठाची साधी. महिन्याने पाहावं तर दोघांचेही चट्टे सारखेच, निम्म्यावर आलेले.

"फरक नाही म्हणजे गुण नाही, असं साहेब म्हणतात. सोमवारी माझं काम बंद!"

विजयश्री उठली. "चला, झुलींना भेटू."

तबेल्यात सुमनताईंनी आधी प्रत्येकाच्या हातावर लाडू ठेवला.

"मला डायबेटिस आहे हो," नवनाथ म्हणाला.

"असू दे. एकाला दिलं नि एकाला न्हाई, असलं आमच्या दारात चालत न्हाई."

दुसऱ्या फेरीत नवनाथने नाइलाजाने दुसराही घेतला.

अंजलीचा सहकारी आयुष फाटकाबाहेरच उभा होता. तिचं काम बुडालं की त्याच्या मलमाचा नंबर लागणार होता. "झुली मी बदलल्या? त्यासाठी आत जावं लागतं, मॅडम. घोडा शिंकला तरी मी गाडीत बसतो."

"सोंग!" नवनाथ कुजबुजला. राजा शिंकला. गाडीचं दार धाडकन लागलं.

मोतद्दार गणराज म्हणाला, "सकाळी मी झुली काढतो, वेगवेगळ्या धुतो. संध्याकाळी माझी कंपनीत शिफ्ट. घालायचं ताई बघतात."

"कुणाच्या अंगावर कुठली, पाहता?"

"बक्कल सुटलं की झालं, मॅडम. काठ कोण बघतंय?"

विजयश्रीने झुलींचे पोटपट्टे उलटून पाहिले. दोन्हींची दोन-दोन भोकं ताणलेली, बाकीची कोरी.

"चोर कुणीच नाही," ती म्हणाली. "बाहेरचं भोक राजाच्या पोटाचं, आतलं चिमणीच्या. झूल एकाच घोड्याने वापरली, तर एकच भोक ताणेल. म्हणजे दोन्ही झुली दोघांनी वापरल्या. घालणाऱ्या ताई. आणि ताईंच्या दारात पंक्तिप्रपंच चालत नाही. नवनाथरावांच्या साखरेला विचारा."

"व्हय, एक दिवसाआड बदलत हुते," सुमनताई म्हणाल्या. "औषधाची झूल एकट्या राजाला, नि चिमणी माझ्याकडं टकामका बघणार. माणसाला घास गिळतोय व्हय?"

अंजली उसळली. "म्हणजे औषध दोघांना निम्मं, म्हणून गुणही निम्मा! साहेबांना चाचणी पुन्हा मागते." मग तिचा चेहरा पडला. "पण ताई पुन्हा बदलतील."

विजयश्री म्हणाली, "मग दोन्ही कापडं मधोमध जोडूनच झूल शिवा. उजवी बाजू औषधी, डावी साधी. दोन्ही घोड्यांना अगदी सारखं. कूस कुशीशी ताडून पाहा."

सुमनताईंनी मान डोलावली. मग चिमणीच्या डाव्या कुशीवरून हात फिरवत थबकल्या.

"पर हिच्या डाव्या कुशीनं कुणाचं काय घोडं मारलंय?"

"अंजली," विजयश्री हळूच म्हणाली, "उलटी घालता येणार नाही, अशी शिवा."