फक्त एकाच मशीनवर नापास

खोटं तुम्ही बोललात, साहेब. तिला सांगितलंत की तळघरातलं मशीन खराब आहे आणि ते सांभाळणारा आळशी. त्याला सांगितलंत की वरची मुलगी चाचण्या कशाही लिहिते. सहा महिने दोघांना एकमेकांवर सोडलंत आणि स्वतः काचेच्या खोलीत खुशाल बसलात.

तिला ऑफिसात सगळे ‘खडूस’ म्हणत. डेटाबेस बनवणाऱ्या त्या कंपनीत चाचण्या, म्हणजे मूळ प्रोग्राम नीट चालतो का ते तपासणारे छोटे प्रोग्राम, लिहिणं हे तिचं काम. तिची एक चाचणी सगळ्या मशीनवर पास व्हायची, फक्त तळघरातल्या मशीनवर, एका वेगळ्या जातीच्या संगणकावर, नापास. दर वेळी खालून शेरा यायचा — लांबलचक, मुद्देसूद, आणि शेवटी ‘चूक माझ्याकडे नाही’. तीही तसंच तिखट उत्तर धाडायची.

मंगळवारी सकाळी तुमचं फर्मान निघालं. त्या मशीनपुरती चाचणी बंद करा, शुक्रवारी नवी आवृत्ती बाहेर जातेय, ‘सगळं पास’ म्हणून सही करा. सही कुणाची? तिची. तिचं डोकंच सणकलं. तरातरा जिने उतरली आणि तळघराच्या दारात एका माणसावर आदळली. त्याच्या कवेत तेच मशीन होतं, बाहेर धूळ झटकून परत आणलेलं, झोपलेलं मूल धरावं तसं.

“शेरेवाले तुम्हीच ना?”

“हो. आणि तुम्ही खडूस. भांडा खुशाल... पण आधी दार धरा, हात भरून आलेत.”

तिनं दार धरलं. रागावलेल्या माणसानं कुणासाठी दार धरू नये. निम्मा राग तिथेच सांडतो.

आत पंख्यांची घरघर. एकुलती खुर्ची त्यानं तिला दिली, स्वतः उपड्या खोक्यावर बसला. दोन स्क्रीन शेजारी ठेवून ती वरच्या मशीनवर बनलेली नावांची यादी वाचू लागली, तो खालच्या मशीनवरची. कोपराला कोपर लागलं... दोघांनीही हलवलं नाही. दुपारी चूक सापडली. साध्या इंग्रजीपलीकडचं कुठलंही अक्षर आलं, की संगणक त्या अक्षरासाठी जो आकडा साठवतो तो वरच्या मशीनला उणे वाटायचा, खालच्याला अधिक. त्यामुळे नावांचा क्रमच बदलायचा. एकीकडे केलेली यादी दुसरीकडे उघडली, की त्यात असलेलं नाव ‘सापडत नाही’. चाचणी बरोबर, मशीनही धडधाकट. खोट मूळ प्रोग्राममध्ये. उद्या एखाद्या दवाखान्यात पेशंट समोर उभा असेल आणि संगणक सांगेल, असा माणूसच नाही.

“मी तेव्हाच म्हणालो होतो, दोघांना एकत्र बसू द्या,” तो म्हणाला. “साहेब म्हणाले, तुम्ही खाली यायला तयार नाही.”

“मी? मला तर सांगितलं, तुम्ही कुणाला इथं फिरकू देत नाही.”

मग तिनं मनात खुपणारं विचारलं, “एवढे लांब शेरे कशाला? ‘नापास’ म्हटलं असतं तरी कळलं असतं मला.”

तो कानापर्यंत लाल झाला. “तुम्ही शेवटच्या ओळीपर्यंत वाचता, हे तुमच्या उत्तरांवरून कळायचं. मग... संपवावंसंच वाटायचं नाही.”

तिला हसू आलं, आणि पाठोपाठ दुप्पट राग. सहा महिने! भांडायचंच होतं तर समोरासमोर भांडले असते, एका खुर्चीवरून, कुणी बसायचं यावरून.

“मी सही करणार नाही,” ती म्हणाली. “नोकरी गेली तर गेली. तुम्ही वर येताय?”

“या मशीनवरची चाचणी बंद झाली की मशीनही बंद, मग माझीही जाणारच आहे,” तो उठला. “चला.”

तर साहेब, ते दोघं आत्ता तुमच्या काचेबाहेर उभे आहेत. तिच्या एका हातात बिनसहीचा कागद आहे, दुसऱ्या हातात त्याचा हात. फोन कानाला लावून बिझी असल्याचं दाखवू नका. खरं बोलणाऱ्या एका चाचणीचं तोंड का बांधत होतात, आणि या दोघांना एकमेकांपासून लांब का ठेवलंत? उत्तर द्या.