रिकामे चार सेकंद

हल्ली संगणकावरच्या खेळात चित्र आधी येतं आणि खेळणाऱ्याचा हात नंतर हलतो. पहिल्यांदा हे ऐकून लोकांनी भुवया उंचावल्या होत्या. वर्षभरात सगळे इतके सरावले, की आता जुनं मशीन समोर आलं तर ते पेंगतंय असंच वाटतं.

पूर्वीचं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे संगणकाच्या पडद्यावरची चित्रं काढणारा भाग, फार आज्ञाधारक होतं. तुम्ही स्टिअरिंग डावीकडे फिरवलं, की ते डावीकडचा रस्ता काढायला बसायचं. त्यात सेकंदाचा बारीकसा तुकडा जायचा आणि खेळणारी मंडळी त्या तुकड्यावरून कंपन्यांचा उद्धार करायची. मग कोणाच्या तरी लक्षात आलं, की माणूस स्वतःला समजतो तेवढा लहरी नसतो. आठवडाभर त्याचा हात नीट पाहिला, तर पुढच्या पाव सेकंदात तो काय करणार हे बहुतेक वेळा सांगता येतं. नवी कार्डं हेच करतात. तुमचा हात शिकून घेतात आणि तो हलण्याआधीच पुढचं चित्र काढून तयार ठेवतात. या चित्राला पूर्वचित्र म्हणतात. अंदाज चुकला तर ते टाकून देऊन दुसरं काढायचं, एवढाच काय तो खटाटोप.

चिपळूणच्या विश्राम घागांच्या मशीनमध्ये असं कार्ड बसलं, आणि मशीन बंद पडायला लागलं.

घाग चिपळूण-कराड गाडीवर ड्रायव्हर होते. बावीस वर्षं कुंभार्ली घाट चढत-उतरत होते आणि इतक्या वर्षांत गाडीला ओरखडा नव्हता. त्याबद्दल मिळालेला बिल्ला ते लग्नकार्यातही खिशावर लावून जात. दिवसभर गाडी चालवून आलेला हा माणूस संध्याकाळी चहा घेतला की पुन्हा स्टिअरिंग धरून बसायचा, या वेळी खेळातल्या ट्रकचं.

"दिवसभर चालवून पोट भरत नाही का हो तुमचं?" त्यांच्या पत्नी सुगंधावहिनी विचारायच्या.

"इथे पॅसेंजर नसतात," घाग म्हणायचे. "कोणी ओकत नाही, कोणी भांडत नाही."

त्यांच्या पन्नासाव्या वाढदिवसाला मुलीने पुण्याहून ते नवं कार्ड पाठवलं आणि सुखात मिठाचा खडा पडला. ऐन घाटात पडदा काळा व्हायचा, पंखे गप्प, सगळं ठप्प. आठवड्यातून एकदा, कधी दोनदा. घागांनी जुनं सॉफ्टवेअर काढून नवं टाकलं. कार्ड उपसून पुन्हा दाबून बसवलं. नवं कार्ड जास्त वीज खातं म्हणून मोठा पॉवर सप्लाय घातला. वायरमनला बोलावलं. त्याने सगळे वायरमन सांगतात तेच सांगितलं, की आधीच्या वायरमनने घाण करून ठेवली आहे. आणि मागीलदारी खड्डा खणून, मीठ-कोळसा घालून नवं अर्थिंग केलं. पुढच्याच मंगळवारी मशीन पुन्हा बंद पडलं.

तेव्हा घाग ते उचलून हेमांगी ताम्हणकरांच्या दुकानात घेऊन आले.

हेमांगीताई तीस वर्षं अशी कार्डं घडवणाऱ्या प्रयोगशाळेत होत्या. निवृत्त झाल्यावर त्या गावी आल्या आणि बाजारपेठेत दुरुस्तीचं दुकान थाटून बसल्या. एवढी शिकलेली बाई स्क्रू पिळत बसते याचं गावाला फार वाईट वाटायचं, ताईंना अजिबात नाही. त्यांचा नियम एकच होता: एका वेळी एकच भाग बदलायचा. दोन बदलले आणि मशीन सुधारलं, तर ते का सुधारलं हे कळत नाही, आणि का ते न कळता सुधारलेलं मशीन त्यांच्या लेखी बिघडलेलंच असायचं.

त्यांनी पॉवर सप्लाय बदलून पाहिला, मग मेमरी, मग केबल. प्रत्येक बदलानंतर स्वतः ट्रक हाकला. गंमत म्हणजे काहीही न बदलतासुद्धा मशीन दुकानात दहा दिवस एकदाही बंद पडलं नाही. घरी नेलं आणि तिसऱ्या दिवशी पडलं.

"घराला काहीतरी बाधा आहे," घाग म्हणाले. ते अर्धवट थट्टेत होते.

"मग घर बदलून बघू," ताई म्हणाल्या. "येत्या गुरुवारी तुमची सुट्टी ना? तुम्ही इथे येऊन खेळा. मशीन तेच, वीज माझी."

गुरुवारी सकाळी घाग दुकानात स्टिअरिंग टेबलाला आवळून बसले. ताईंनी कार्डाला मीटर लावला आणि शेजारी स्टूल घेतलं. दोन तास काही झालं नाही. चहा आला, गेला. घाग खेळता खेळता हेळवाकच्या एका पॅसेंजरची गोष्ट सांगत होते, ज्याने पिशवीतून कोंबडी आणली होती.

"मी म्हटलं, बाबा, तिकीट काढ तिचं. तर तो म्हणतो, ती उभ्याने येईल. आणि तेवढ्यात ती पिशवीतून..."

ते थांबले. ओठ मिटक्या मारल्यासारखे दोनदा हलले. मीटरचा काटा चढत गेला, पडदा काळा झाला.

"...उडाली ती थेट कंडक्टरच्या डोक्यावर!" घाग हसले आणि मग पडद्याकडे बघून म्हणाले, "पडलं बंद! बघा, मी खोटं सांगत नव्हतो."

ताई हसल्या नाहीत. आधी काय झालं आणि मग काय, हे त्या मनात पुन्हा लावून बघत होत्या. आधी गोष्ट थांबली होती. मशीन नंतर.

त्यांनी कार्डाची नोंद उघडली. कार्ड रोज किती पूर्वचित्रं काढतं हे त्यात उतरलेलं असतं. गिऱ्हाईक ते कधी बघत नाही, पण ताईंचं अर्धं आयुष्य अशाच नोंदी वाचण्यात गेलं होतं. गेल्या दोन महिन्यांत मशीन अकरा वेळा बंद पडलं होतं आणि अकराही वेळा हीच कहाणी होती. त्यांनी दुकानाचा दरवाजा लोटून घेतला.

"घागभाऊ, जिवंत हात कधी पूर्ण स्थिर नसतो," त्या म्हणाल्या. "सरळ रस्त्यावरसुद्धा तुम्ही स्टिअरिंग केसभर इकडे-तिकडे करत असता. कार्ड त्या चुळबुळीवरून तुमचा अंदाज बांधतं. हात काढून घेतला, तर तेही त्याला कळतं, मग ते आरामात थांबतं. पण आत्ता काय झालं, तर हात स्टिअरिंगवर होता आणि चुळबूळ संपली. वळण आलं, तुम्ही वळला नाहीत. कार्डाने डावीकडचं चित्र काढून ठेवलं, उजवीकडचं काढलं, दरीत जाण्याचं काढलं, ब्रेक लावण्याचं काढलं. चाराची सोळा झाली, सोळाची चौसष्ट. एवढी वीज खेचली, की सुरक्षेसाठी मशीन आपणहून बंद पडलं. चार सेकंद. मशीन ठणठणीत आहे."

"मग बिघाड कशात आहे?"

"मी सगळे भाग बदलून बघितले. एक भाग मात्र नकळत बदलला होता. दुकानात दहा दिवस ट्रक मी हाकत होते."

घागांना कळायला थोडा वेळ लागला. कळलं तसा त्यांचा चेहरा लालबुंद झाला.

"म्हणजे मला फेफरं येतं म्हणता? अहो, फेफरं आलेला माणूस मी पाहिलाय. खाली पडतो, तोंडाला फेस येतो. मी इथे बसून तुम्हाला गोष्ट सांगतोय!"

"न पडताही येतं. माणूस बसल्या जागी काही क्षण नसतो, आणि परत येतो तेव्हा गेलो होतो हेच त्याला ठाऊक नसतं. मी डॉक्टर नाही, माझी चूकही असेल. पण गोष्टीत तुम्ही कुठे थांबलात, आठवतंय?"

"मी थांबलोच नाही!"

"हो ना," ताई म्हणाल्या. "तेच म्हणतेय."

घाग उठले. पिशवीतून त्यांनी जुनं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. "हे बसवा. याच्यावर कधी बंद पडलं नाही. मला माझं मशीन परत द्या, विषय संपला."

आणि विषय खरोखरच संपला असता. पाच मिनिटांचं काम. गिऱ्हाईक खूश झालं असतं आणि बावीस वर्षांच्या बिल्ल्यालाही धक्का लागला नसता. ताईंनी जुनं कार्ड हातात घेतलं. त्यांना भीती वाटत होती, हे मान्य करायला हवं. आपलं खरं निघालं तर या माणसाची भाकरी जाणार. खोटं निघालं तरी गावभर बभ्रा होणार.

"बसवते," त्या शेवटी म्हणाल्या. "मशीन चालेल. हे जुनं कार्ड तुमचा हात हलेपर्यंत वाट बघत बसतं, म्हणून त्याने कधी तक्रार केली नाही. पण घाटातलं वळण वाट बघत नाही हो."

घाग पुन्हा खुर्चीत बसले. मग हलक्या आवाजात म्हणाले, "कधीकधी घाटमाथा येतो आणि मधलं एखादं वळण गेलेलं आठवतच नाही. मला वाटायचं, सवयीने होतं."

"सवयीनेही होतं. माझंही होतं. तपासून घ्या, एवढंच."

घागांनी तिथूनच डेपोत फोन लावला. उद्याच्या सकाळच्या गाडीला येत नाही म्हणाले. पोट बिघडलंय, असं सांगितलं.

कराडच्या मेंदूच्या डॉक्टरांनी डोक्याला तारा लावल्या, फोटो काढले. लहानपणी घाग आंब्याच्या झाडावरून पडले होते, त्याचा वाटाण्याएवढा व्रण आत राहिला होता. इतकी वर्षं तो गप्प होता, वर्षभरापासून कुरकुरायला लागला होता. गोळ्या सुरू झाल्या. सुगंधावहिनी ताईंच्या दुकानात आल्या त्या रडत आणि हसत.

"त्या मिटक्या मी रोज बघत होते हो! मला वाटायचं, पान सोडलंय म्हणून तोंड चाळवतंय यांचं. चाळीस माणसं असतात ताई गाडीत. शाळेची पोरं असतात." त्यांनी ताईंचे दोन्ही हात धरून ठेवले. ताईंच्या छातीवरचं इतक्या आठवड्यांचं ओझं त्या दिवशी उतरलं.

डेपोने घागांना स्टिअरिंगवरून काढून घोषणेच्या माइकवर बसवलं. आधी ते फार कुरकुरले. मग चिपळूणकरांच्या लक्षात आलं, की गाडी कुठल्या फलाटावर लागली हे आता समजतं, आणि त्यांचं कौतुक सुरू झालं. गोळ्यांनी झटके थांबले. नवं कार्ड पुन्हा बसलं, आणि तीन महिने मशीन एकदाही बंद पडलं नाही. घाग त्यालाच आपला रिपोर्ट मानायचे.

चौथ्या महिन्यात कंपनीने कार्डाचं नवं सॉफ्टवेअर पाठवलं. सोबतच्या पत्रकात दोनच ओळी होत्या: अकारण बंद पडण्याच्या तक्रारी दूर केल्या आहेत. खेळणाऱ्याकडून क्षणभर प्रतिसाद न आल्यास कार्ड त्याच्या सवयीनुसार खेळ पुढे चालू ठेवेल.

ताईंनी दुसरी ओळ तीनदा वाचली. त्या गुरुवारची घागांच्या हाताची नोंद त्यांनी जपून ठेवली होती. ती नव्या सॉफ्टवेअरवर चालवली आणि घागांना बोलावून घेतलं.

पडद्यावर ट्रक घाट चढत होता. वळण आलं. ट्रकने आधी एक छोटा हॉर्न देऊन, ब्रेक जरा उशिरा दाबून, ते डौलात घेतलं.

"मीच की हा!" घाग खूश होऊन म्हणाले. "तो हॉर्न माझाच."

"या वळणावर तुम्ही नव्हता, घागभाऊ. ते चार सेकंद हेच."

घागांनी ते वळण पुन्हा लावायला सांगितलं. मग आणखी एकदा. आपण कुठे संपतो आणि कार्ड कुठे सुरू होतं, ते शोधत होते. सापडलं नाही. त्यांनी कपाळावरचा घाम पुसला.

"देवाची कृपा," ते म्हणाले, "हे चार महिने उशिरा आलं."

ताईंनी मान डोलावली, पण त्यांचं लक्ष मागच्या फळीकडे होतं. तिथल्या चिठ्ठीवर गुहागरच्या एका गिऱ्हाइकाचं नाव होतं. कार्ड बदलल्यापासून मशीन मध्येच बंद पडतं, अशी त्याची तक्रार होती. तो सोमवारीच येणार होता, आज बुधवार उजाडला तरी आला नव्हता. त्यांनी फोन लावला.

"अहो ताई, मीच सांगणार होतो," पलीकडचा आवाज उत्साहात होता. "नवं सॉफ्टवेअर आलं आणि मशीन एकदम चकाचक झालं! आठवड्यात एकदाही बंद नाही. आता आणायची गरज नाही."

"बरं झालं," ताई म्हणाल्या. "मशीन घरीच ठेवा. तुम्ही या."