डाव्या गालावरचा तीळ

"साहेब, तुमचा तीळ खरा कुठल्या गालावर आहे? डाव्या की उजव्या?"

हे मी विचारूच शकणार नाही, अशी शाळेतल्या मुलींनी पैज लावली होती. विचारलं! बाबांच्या कामाच्या खोलीत, चांगल्या खणखणीत आवाजात. बाबांच्या हातातली कोरणी खाली पडली. कोपऱ्यात आई एका चित्राखालचं नाव कोरत होती. तिने मान वर केली नाही.

न्यायमूर्ती द व्होसेल यांनी तोंडावर बोटभर पावडर थापली होती. ते खो खो हसले आणि रुमालाने डावा गाल पुसला. "हा बघ. पण कार्टे, ही चौकशी कशाला?"

"तांब्याच्या पत्र्यावर कोरलेलं कागदावर उलटं उमटतं ना, साहेब. म्हणून मुलींत वाद."

वाद गमतीचा नव्हता. महिन्यापूर्वी नव्या पुलावर याच न्यायमूर्तींचं चित्र विकलं गेलं. खाली दोन ओळी शिव्यांच्या, अक्षरं मात्र मोत्यासारखी. बाबांनी कोरलेल्या चित्राची नक्कल केली म्हणून समोर राहणाऱ्या, बाबांसारखीच चित्रं कोरणाऱ्या द्युफ्रेनकाकांना पकडलं. परवा निकाल. राजाच्या गलबतावर, साखळीने बांधून, वल्ही मारायला पाठवतील. माझा मामा तिथून परत आलाच नाही.

आणि द्युफ्रेनकाकांची बार्ब माझ्याच बाकावर बसते. तिने ते चित्र प्रार्थनेच्या पुस्तकात लपवून मला आणून दिलं होतं. मी ते खिडकीशी धरलं. तीळ डाव्याच गालावर. मग लेसच्या गळपट्टीवर नजर गेली आणि मी टुणकन उडीच मारली.

दुपारी जेवताना चित्र सुपाच्या भांड्याशेजारी ठेवलं.

"बाबा, द्युफ्रेनकाकांनी नक्कल केलीच नाही."

"असं कोण म्हणतं?"

"तीळ म्हणतो! चोर घाईत असतो. दुकानातलं चित्र समोर ठेवून जसंच्या तसं कोरतो. मग छापल्यावर तीळ कुठे जाईल?"

"उजव्या गालावर. पण हुशार चोर आधी उलटं काढून घेईल, पेरीनबाई."

"मग ही रेघ? गळपट्टीवर बघा. त्या गुरुवारी मी तुमच्या कोपराला धक्का दिला, कोरणी घसरली. आठवतं?"

"तुझा कान पिरगळला होता."

"त्याच दिवशी तुम्ही रुआंला गेलात. सोमवारी आल्यावर रेघ घासून काढलीत. त्यानंतर विकलेल्या एकाही चित्रात ती नाही. यात आहे. म्हणजे हे आपल्याच पत्र्यावरून छापलंय, त्या चार दिवसांत. पत्रा ठेवलेल्या पेटीची किल्ली कुणाकडे होती?"

बाबा आईकडे बघत राहिले.

उत्तर सापडलं की मी नाचेन असं वाटलं होतं. मी चमचा खाली ठेवला.

"त्या द व्होसेलने जांभई देत निकाल दिला," आई म्हणाली. "एका पावासाठी माझा भाऊ गेला. मला वाटलं, कुणी सापडणारच नाही. द्युफ्रेनला धरलं तेव्हा... रोज म्हणायचे, आज सांगते. तोंडच उघडलं नाही."

"पेरीन, हे बाहेर गेलं तर तुझ्या आईला नेतील," बाबा म्हणाले.

"आणि नाही गेलं तर बार्बच्या बाबांना."

"दुसरा काही मार्ग असेल."

"सांगा."

बाबांनी पावाचा तुकडा मोडला, पुन्हा मोडला, नुसता चुरा झाला. सूप गार झालं. मी चित्राची घडी घातली.

"उद्या मी शाळेत जाणार नाही. न्यायमूर्तींकडे जाणार. तीळ आणि रेघ, एवढंच दाखवीन. किल्लीचं त्यांनी विचारलं तर खोटं बोलणार नाही. तुमच्यापैकी कोण बरोबर येतंय, ते सकाळपर्यंत ठरवा."