घरातल्याच मालावर

काका कारखान्याच्या खरेदी विभागातून निवृत्त झाले, तेव्हा निरोपाच्या भाषणात साहेबांनी एकच किस्सा सांगितला आणि सगळे पोट धरधरून हसले. काकांनी म्हणे लग्नाच्या अंगठीसाठीसुद्धा तीन सोनारांकडून दरपत्रकं मागवली होती. किस्सा खोटा नव्हता. तीन दरपत्रकं घ्यायची, सगळ्यांत स्वस्त ते निवडायचं आणि मग त्यालाही आणखी खाली ओढायचं, हे काम त्यांनी तेहतीस वर्षं इमानेइतबारे केलं. कारखान्यात त्यांच्यामागे त्यांना 'लोएस्टकाका' म्हणत. त्यांना ते माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

तर या काकांना आता एक खोली बांधायची होती. काकू जिन्यावरून पडल्या आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं, पण डॉक्टरांनी जिना चढायला कायमची बंदी घातली. झोपायची खोली वर, खाली फक्त बैठक, न्हाणीघर आणि स्वयंपाकघर. त्यामुळे काकू दवाखान्यातून थेट लेकीकडे गेल्या. मागच्या अंगणात त्यांच्यासाठी एक खोली काढली की त्या परत येणार होत्या. लग्नाच्या एकेचाळीस वर्षांत काका इतके दिवस एकटे कधीच राहिले नव्हते. घर त्यांना खायला उठत होतं. संध्याकाळी सवयीने दोन कप चहा व्हायचा आणि दुसरा ओतून द्यावा लागायचा.

सवयीप्रमाणे तीन दरपत्रकं आली. पहिलं चकचकीत फायलीत होतं, दुसरं लेकीच्या ओळखीच्या माणसाचं. तिसरा माणूस कुणी पाठवला, हे विचारायचं राहूनच गेलं. शिडशिडीत बांधा, पन्नाशीचं वय, इस्त्रीचा शर्ट आणि हाताला सिमेंटचा एक डाग नाही. त्याने टेप काढलाच नाही. घरभर फिरून भिंतींवरून, दारांच्या चौकटींवरून नुसता हात फिरवला आणि दर सांगितला. तो बाकीच्या दोघांच्या निम्म्याहूनही कमी होता.

"चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला होईल हं," काकू फोनवर म्हणाल्या. "जरा महाग पडू दे, पण माणूस बघून घ्या."

"तू फक्त चालायचा सराव कर," काका म्हणाले. "बांधकामाचं माझ्यावर सोड."

आणि त्यांनी त्या माणसाला आणखी खाली यायला सांगितलं.

कंत्राटदाराने दाराच्या चौकटीवरून पुन्हा एकदा हात फिरवला. "येतो की खाली. पण मग बाहेरून काही आणता येणार नाही, काका. घरात जे आहे त्यातच भागवावं लागेल."

काकांच्या डोळ्यांसमोर अंगणातला जुन्या विटांचा ढीग आणि माळ्यावरच्या उरलेल्या फरशा आल्या. इतका सोपा सौदा त्यांना आयुष्यात मिळाला नव्हता. त्यांनी कागद पुढे ओढला आणि स्वतःच्या वळणदार अक्षरात अट घातली: 'संपूर्ण काम घरातल्याच मालावर पूर्ण करावे. बाहेरून कोणतीही वस्तू आणू नये.'

कंत्राटदाराने ती अट दोनदा वाचली. "नक्की ना?"

"काळ्या दगडावरची रेघ," काका म्हणाले आणि सही केली.

काम सोमवारी सुरू झालं. दोन गवंडी सकाळी नऊला यायचे आणि सहाला जायचे. ते आपसात बोलत नसत. हातोडीचा, थापीचा आवाज येत नसे, धूळ उडत नसे, ओल्या सिमेंटचा वासही येत नसे. काका अंगणात खुर्ची टाकून बसले की ते हात थांबवून उभे राहत. काका चहा ठेवायला आत गेले की भिंत वीतभर वर चढलेली असे. विटांचा ढीग चौथ्या दिवशी संपला, भिंती मात्र वाढतच राहिल्या. काकांनी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

सहाव्या दिवशी सकाळी ते अंघोळीला गेले, तर न्हाणीघरात अंधार. दिवा लावून पाहिलं, तर वरचा झरोका नव्हता. बुजवलाही नव्हता. त्या जागी तोच जुना पिवळट रंग होता, आणि कोपऱ्यातून निघालेला ओलीचा डाग सलग पलीकडे गेला होता. झरोका तिथे कधी नव्हताच म्हणावं, तर तीस वर्षं त्यातून येणाऱ्या उजेडात त्यांनी दाढी केली होती.

तो त्यांना नव्या खोलीच्या भिंतीत सापडला. खालची काच तडकलेली, तिच्यावर काकांनीच लावलेली चिकटपट्टी.

"हे काय चाललंय?" काका ओरडले.

"घरातलाच माल, काका," कंत्राटदार शांतपणे म्हणाला. "तुम्हीच लिहिलंय."

"अहो पण न्हाणीघरातलं भोक? ते कधी बुजवलंत?"

"आम्ही काही बुजवत नाही. बुजवायला माल लागतो."

काम थांबवा, असं ते म्हणालेसुद्धा. कंत्राटदाराने मान डोलावली. "थांबवतो. पण निघालेलं परत बसत नाही, हे सांगून ठेवतो. खोली अर्धवट राहील. काकू कधी येणार म्हणालात?"

काकू बावीस तारखेला येणार होत्या. लेकीने गाडी ठरवली होती. दुसरा कंत्राटदार दोन महिन्यांच्या आत कामाला हात घालणार नव्हता, आणि आणखी दोन महिने त्या रिकाम्या घरात काढायची काकांची ताकद नव्हती. पोलिसांत जायचं, तर सांगायचं काय? माझी खिडकी चोरीला गेली आणि चोर जागेवर भिंत ठेवून गेले? शिवाय लोएस्टकाका फसले, ही बातमी कारखान्यात पोहोचायला वेळ लागला नसता. झाकली मूठ सव्वा लाखाची. लेकीने फोनवर विचारलं तेव्हा ते म्हणाले, "झक्कास चाललंय. माणूस एक नंबरचा आहे."

मग एकेक जाऊ लागलं. वरच्या झोपायच्या खोलीची खिडकी गेली. काका पडदा बाजूला सारायला हात घालतात, तर पडद्यामागे भिंत. विजेची बटणं एकेक करून नाहीशी झाली, आणि त्यांच्या मागच्या तारासुद्धा. स्वयंपाकघराची खिडकी गेली, मागचं दार गेलं. ते आता नव्या खोलीला जोडून काढलेल्या न्हाणीघराला बसलं होतं, आणि काकांना नवी खोली बघायला पुढच्या दाराने निघून घराला वळसा घालून जावं लागत होतं. जिन्याच्या चौदा पायऱ्यांच्या अकरा झाल्या. तरीही जिना वरपर्यंत पोहोचतच होता, ही गोष्ट काकांना सगळ्यांत भयंकर वाटली. त्या दिवसापासून ते वर गेले नाहीत. बैठकीत, पुढच्या दाराजवळ सतरंजी टाकून झोपू लागले. घरात भर दुपारी टॉर्च लागायचा, आणि हवा पेटीतल्या कपड्यांसारखी कोंदट झाली होती.

नवी खोली मात्र सुरेख होत होती. उजेड, वारा, हाताशी बटणं. तिथे कुणी राहायला आलं नव्हतं, तरी भिंतींना काकूंच्या गुडघ्याच्या मलमाचा आणि काकांच्या दाढीच्या साबणाचा वास येत होता.

एकवीस तारखेला कंत्राटदाराने त्यांना तिथेच बोलावलं. "काका, जरा या भिंतीला टेकून उभे राहा."

"कशाला?"

"काही नाही. माप चुकायला नको."

काका का उभे राहिले, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. त्याने पेन्सिलीने त्यांच्या डोक्याच्या उंचीवर एक रेघ मारली. मग दोन पावलं मागे जाऊन त्याने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. पहिल्या दिवशी त्याने भिंतींकडे असंच पाहिलं होतं.

"चांगलं मजबूत आहे," तो गवंड्याला म्हणाला.

बावीस तारखेला दुपारी बारा वाजता तो पुढच्या दारात आला. "झालं सगळं. आता फक्त एक दार राहिलं. खोलीचं बाहेरचं."

"हे दार मिळणार नाही!" काका ओरडले. "जीव गेला तरी नाही. चार वाजता माझी बायको येतेय."

"बरं," कंत्राटदार म्हणाला आणि गेला.

तेव्हाच बाहेर पडायला हवं होतं. रस्त्यावर उभं राहून चार वाजायची वाट बघायला हवी होती. पण आपण उंबरा सोडला तर मागे हे दार नेतील, या धास्तीने काकांनी ते आतून लावून घेतलं, कडी घातली, आणि दाराला पाठ घट्ट टेकवून जमिनीवर बसले. मी टेकून बसलोय म्हटल्यावर नेतात कसं तेच बघतो, असं त्यांनी स्वतःला मोठ्याने सांगितलं. दारावर बाहेरून ऊन होतं. पाठीला लाकूड ऊबदार लागत होतं. कित्येक रात्री त्यांना धड झोप नव्हती.

पाठीला गार लागलं म्हणून ते जागे झाले.

टॉर्च लावला. मागे भिंत होती. जुना रंग, एक खिळा, खिळ्याच्या खाली धुळीची रेघ.

त्यांनी चारही भिंती हाताने चाचपल्या. मग परत चाचपल्या. जिना होता तिथेही भिंत होती. छातीत धडधडत होतं, आणि तेवढाच काय तो घरातला आवाज होता.

फोनची बॅटरी लाल झाली होती. चार वाजून दहा मिनिटं. त्यांनी लेकीला फोन लावला. तिने लगेच उचलला.

"हॅलो? कोण बोलतंय?"

"अगं मी! मी आत अडकलोय, दार—"

"आवाज नीट येत नाहीये. बाबा," लेक कुणाला तरी म्हणाली, "तुमच्या नंबरवरून फोन येतोय. तुमचा फोन हरवलाय का?"

"हो गं," एक आवाज म्हणाला. "सकाळपासून सापडत नाहीये."

तो आवाज काकांचा होता.

फोन विझला.

अंधारात ते भिंतीला धरून धरून मागे गेले, स्वयंपाकघराची जागा होती तिथवर. तिथे भिंतीपलीकडून बोलणं ऐकू येत होतं. वॉकरची टकटक. मग पलंगाची करकर आणि काकूंचा सुस्कारा. तो सुस्कारा काकांनी हजार माणसांत ओळखला असता. त्यांचे डोळे भरून आले. ती आली होती, हातभर अंतरावर होती.

"अगं ए!" ते ओरडले. मुठींनी भिंत बडवली. "मी इकडे आहे! तो मी नाही!"

पलीकडे पलंग पुन्हा करकरला.

"अहो, भिंतीत काहीतरी खुडखुडतंय," काकू म्हणाल्या.

"उंदीर असतील," काकांचा आवाज म्हणाला. "जुना भाग आता रिकामाच आहे. उद्या सकाळी नऊला पाडायला घेतायत."

"पाडायचे वेगळे किती मागितले मेल्याने?"

"काही नाही. फुकटात करून देतोय."

आणि काकू, कितीतरी महिन्यांनी, अगदी मनापासून हसल्या.