मढची भरती आणि जाम झालेला लिव्हर

गाडी बघायला गेले होते, माणूस बघायला नाही — हे आधीच सांगते!

सोमवारी मला मोखाड्याच्या आरोग्य केंद्रात डॉक्टर म्हणून हजर व्हायचं होतं. तिथल्या पाड्यांच्या वाटांवर दगा न देणारी फोर बाय फोर हवी होती. मरोळच्या निहारने आपली जुनी गाडी विकायची जाहिरात दिली होती, 'डोंगर, चिखल, वाळू — कुठेही!' तो समोर आला, हसला... आणि मी बॉनेट उघडायचं सोडून त्याच्याकडेच बघत राहिले. वेडेपणा नुसता!

"चिखलात चालवून दाखवा," मी कडक आवाजात म्हटलं.

"दाखवतो ना, मॅडम. मढला जाऊ."

मढला खाडीकाठच्या वाटेवर त्याने गाडी झोकात उतरवली. वीस पावलं जाते न जाते तोच मागची चाकं जागच्या जागी गरगरायला लागली. मासळी वाळत घालणारी एक म्हातारी वरून ओरडली, "अरे, भरती येते! काढ गाडी लवकर!"

पाणी हातभर अंतरावर होतं.

"फोर बाय फोर टाका ना!"

त्याने गिअरशेजारचा, चारही चाकांना जोर देणारा छोटा लिव्हर ओढला. हलेना. दोन्ही हातांनी ओढला... तरी हलेना.

"शेवटचा कधी टाकलेला?"

"खरं सांगू?" त्याने मान खाली घातली. "कधीच नाही. चार वर्षं नुसती मरोळ ते पवई."

"वाट लागली! कुठेही म्हणे! सरक... तू सरक आधी!"

तुम्हीचं तू कधी झालं, कळलंच नाही. माझ्या बाबांनी वीस वर्षं सरकारी जीप चालवली. त्यांच्याच शेजारी बसून मी शिकले होते.

"पेनाच्या टोकाने टायरची थोडी हवा सोड. चारही!"

तो चिखलात गुडघ्यांवर बसला. मी क्लच दाबत, सोडत, गाडी इंचभर पुढे-मागे डुलवत लिव्हर ओढत राहिले. एकदा... दोनदा... पाणी अर्ध्या चाकापर्यंत चढलं. आता गेली गाडी, असं वाटलं. सोमवारही गेला. आणि खट्ट! लिव्हर बसला.

"बाजूला हो, निहार!"

चारही चाकांनी चिखल उडवला आणि गाडी वर आली. मी खाली उतरले. निहारच्या तर पापण्यांवरही चिखल होता.

"खोटी जाहिरात दिली मी... सॉरी, गंधाली." त्याने माझा हात घट्ट धरला. मला तो सोडवून घ्यावासा वाटला नाही.

"गाडी चांगली आहे. घेणार मी," मी म्हटलं. "फक्त तो लिव्हर महिन्यातून एकदा तरी ओढायचा असतो रे. नाहीतर परत जाम होतो."

"मग येतो ना मी मोखाड्याला... महिन्यातून एकदा. लिव्हर ओढायला."

सोमवारपासून तिथे माझं कुणीच नसणार होतं.

"महिन्यातून नको," मी म्हटलं. "दर रविवारी ये."