अर्थिंगची वायर

"डॉक्टर, पेशंट वाचेल का?"

मामाच्या रिपेअरिंगच्या दुकानात एक ओबडधोबड पत्र्याचा डबा काउंटरवर ठेवत त्याने विचारलं. समोर मामाची भाची होती. डबा म्हणजे घरी जोडलेला अँप्लिफायर, आणि हा मागच्या गल्लीतल्या गाण्याच्या क्लासचा मास्तर. चालू केला की गाण्याआधी डबाच सूर लावायचा... हंऽऽऽ.

"वाचेल," झाकण उघडत ती म्हणाली. "अर्थिंगमुळे घुमतोय. प्लेअरला अर्थिंग, ह्यालाही अर्थिंग, त्यात दोन्ही वायरीने जोडलेले—"

तो हसला. त्याच्या चष्म्याची मोडकी काडी तांब्याच्या तारेने बांधलेली होती. ती बघता बघता तिचं पुढचं वाक्य तोंडातच राहिलं, आणि क्लासची वेळ झाली म्हणून तो डबा उचलून गेलाही.

दुसऱ्या दिवशी त्याचा मेसेज आला. 'डॉक्टर, दोन्ही प्लगमधली अर्थिंगची वायरच काढून टाकली. एकदम शांत! आता मुलांना ऐकवतो.'

तिने मेसेज दोनदा वाचला. काल डबा लावून बघितला तेव्हा आतला ट्रान्सफॉर्मर हाताला चटका देत होता, त्याच्यावरचा कागद जळून काळा पडला होता. करंट पत्र्यात उतरला, तर त्याला वाचवणारी ती एकच वायर होती. आणि हे सांगायचं सोडून आपण काडी बघत बसलो! तिने फोन लावला. उचलेना. पुन्हा लावला...

"मामा, आलेच," म्हणत ती टेस्टर घेऊन धावत सुटली. एवढीशी गल्ली, पण संपता संपेना.

दार उघडंच होतं. मुलं अजून यायची होती. आवाज वाढवायला त्याचा हात डब्याकडे निघाला होता. तिने झडप घालून मनगट धरलं.

"हात लावू नका."

दुसऱ्या हाताने तिने टेस्टर पत्र्याला टेकवला. आतला दिवा लख्ख लागला.

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. तिने भिंतीवरचं बटण बंद केलं, आणि मग तिला रडूच आलं.

"फोन का उचलत नाही तुम्ही?"

"डबा ऐकत होतो..." तो हळूच म्हणाला. "सगळ्या गिऱ्हाइकांकडे अशाच धावत जाता?"

"नाही."

तिने टेस्टर खिशात टाकला.

"ट्रान्सफॉर्मर नवा बसवते, अर्थिंग परत जोडते," ती डोळे पुसत म्हणाली.

"मग परत घुमेल."

"घुमू दे. तो बंद करायला मी येईन."

"आणि बंद झाल्यावर?"

"तरी येईन."

तो नुसता खाली बघत राहिला... मघाशी धरलेलं त्याचं मनगट तिने अजून सोडलं नव्हतं.