मांडवातली न हसणारी

त्या शनिवारी मसाका शहरातल्या एका मांडवात चेयुने नावाचा तरुण माइकवरून विनोदावर विनोद सोडत होता. सगळे पोट धरून हसत होते. अननसाच्या रसाचा ट्रे घेतलेली एक मुलगी तेवढी ओठ घट्ट मिटून उभी! मागणीच्या समारंभात मुलाकडच्यांच्या वतीने बोलून मांडव हसवणं हा चेयुनेचा धंदा. त्याला ते फारच झोंबलं.

"काय हो बाई, दात दुखतोय का?" ग्लास उचलताना त्याने विचारलं.

ती मुलगी, नान्ताले, दचकली. "नाही. विनोद जुना होता."

पुढच्या शनिवारी पुन्हा तीच, कारण जेवणाचं कंत्राट तिच्या आत्याचं. "आज ताजा आणलाय," तो कानाशी येऊन म्हणाला. "हा ऐकून एक पाद्री खुर्चीवरून पडला होता."

"बिचारा... सुटायला बघत असेल."

तो खूश झाला, ती त्याहून जास्त. पण हसायचं कसं? सहाव्या वर्षी तिला जबड्याचा कॅन्सर झाला होता. औषधांनी, किरणांनी जीव वाचला. पण नंतरचे दात आले ते तांदळाच्या दाण्याएवढे, काही आलेच नाहीत, आणि डावा जबडा वाढायचाच राहिला. म्हणून ती तोंडावर हात धरून बोले. आत्या गावभर सांगत सुटे, "आमच्या पोरीसारखी मर्यादशील पोरगी शोधून सापडायची नाही!" नान्तालेला धास्ती एकच – याने एकदा तोंड पाहिलं की संपलं सगळं.

तिसऱ्या समारंभात चेयुने गरजत होता, "आमच्या घराण्यात सिंहालाही कोणी भीत नाही –" तेवढ्यात नवरीच्या भावासाठी आणलेला मानाचा कोंबडा टोपलीतून सुटला आणि थेट त्याच्या कान्झूच्या पायघोळ झग्यात शिरला. चेयुने किंचाळत खुर्चीवर चढला. माइक चालूच! "आई गं! काढा रे याला!"

नान्ताले हसली. दोन्ही हातांत ट्रे, तोंड सताड उघडं, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. भानावर आली तर चेयुने खुर्चीवरूनच तिच्याकडे बघत होता. ट्रे टाकून ती पातेल्यांमागे पळाली.

तो मागोमाग आला.

"पाहिलंस ना?" तिने मान वळवली नाही. "लहानपणीच्या कॅन्सरने झालंय. जा आता, लोक खोळंबलेत."

"पुढचं वाक्यच विसरलो मी."

"दात बघून?"

"दात बारीक आहेत, तोंड जरा वाकडं आहे, मी काय आंधळा आहे? पण इतके दिवस ज्या हसण्यासाठी मी घसा फोडला, ते त्या कोंबड्याने फुकटात नेलं! जळतोय मी त्याच्यावर." मग हळूच, "आवडतेस तू मला... आत्याकडे मागणी घालायला येऊ?"

ती पाठमोरीच म्हणाली, "ये की. पण नवऱ्या मुलाने त्या दिवशी चकार शब्द काढायचा नसतो. जमेल?"

चेयुनेचा चेहरा खरोखरच उतरला. "दिवसभर?"

नान्ताले वळली. सवयीने तोंडाकडे गेलेला हात तिने मुद्दाम खाली घेतला आणि छान हसली. "मी वीस वर्षं तोंड मिटून काढली. तुला एक दिवस जड जातोय?"

चेयुनेने तोंड उघडलं, मिटलं, आणि सराव म्हणून नुसती मान डोलावली.